प्रोसेसरला पेल्टियर लावण्याआधी गरम बाजूचा हिशोब

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, सगळे कोर ४.७ गिगाहर्ट्झवर नेलेत, रेंडर (चित्र-व्हिडिओ तयार करण्याचं जड काम) लावला की तापमान ९० ला टेकतं. कूलर दोन पंख्यांचा टॉवर आहे. तीनशे-तीनशे रुपयांना १२७०६ नंबरची दोन पेल्टियर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती) घेतलीस. ती प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये बसवून १२ व्होल्ट दिले तर तापमान शून्याखाली जाईल का? आणि शेवटी, ‘काका, कोल्हापूरच्या पावसात काही प्रॉब्लेम येईल का?’ काका म्हणालासच, तर मीही अरे-तुरे करतो.

शून्याखाली जाणार नाही. आहे तिथेही राहणार नाही, वाढेल. मॉड्यूल खोटी आहेत म्हणून नव्हे. त्यांच्याकडून आपण चुकीचं काम मागतोय म्हणून.

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. लॅबमधली उपकरणं, डिटेक्टरचे कूलर, छोटे इनक्युबेटर अशा कामांत पेल्टियर माझ्या हातात रोज असतो. त्यामुळे या चकतीचा मला राग नाही, उलट जीव आहे. पण तू आणि तुझ्यासारखे जे जे विचारायला येतात ते सगळे ‘थंड किती होईल’ एवढंच विचारतात. ‘गरम बाजूचं काय करू’ हे कोणी विचारत नाही. पेल्टियरच्या कामात नव्वद टक्के डोकं गरम बाजूलाच लागतं.

गावाकडं नदीवरची मोटर पाहिलीच असशील. मोटरच्या पाटीवर दोन आकडे असतात: हेड किती आणि डिस्चार्ज किती. अडाणी गिऱ्हाईक दोन्ही मोठे आकडे वाचून खूश होतं. शेतकऱ्याला मात्र माहीत असतं की पाणी जितकं उंच चढवायचं तितकी धार बारीक होणार. पूर्ण उंचीला धार शून्य, आणि पूर्ण धार हवी असेल तर पाणी वर चढवायचंच नाही. पेल्टियर हा उष्णतेचा पंप आहे आणि त्याचंही तंतोतंत असंच आहे. १२७०६ च्या कागदावर ‘तापमानातला फरक ६६ अंश’ असं लिहिलेलं असतं, आणि ‘५० वॅट’ असंही. हे आकडे गरम बाजू २५ अंशांवर असतानाचे. ६६ अंशांचा फरक मिळतो तेव्हा थंड बाजूला एक वॅटचंही ओझं नसतं. ५० वॅट उचलले जातात तेव्हा दोन्ही बाजू एकाच तापमानाला असतात, म्हणजे फरक शून्य. तुला दुकानदाराने दोन्ही आकडे एकदम विकले.

पेल्टियर हा मुळात फ्रान्समधला घड्याळजी. दोन धातूंच्या जोडातून वीज गेली की जोडाचं तापमान बदलतं हे त्याने १८३४ मध्ये दाखवलं. पुढे १८३८ मध्ये लेंझने बिस्मथ आणि अँटिमनीच्या जोडावर पाणी गोठवून दाखवलं. पण त्याने गोठवला तो पाण्याचा एक थेंब होता, हे विसरू नको. आज बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या चार सेंटिमीटरच्या चौकोनात बसवतात, तरी स्वभाव तोच आहे. ओझं कमी असेल तर जादू. ओझं वाढलं की दमछाक.

आता तुझा हिशोब करू. आकडे ढोबळ आहेत, पण निकाल बदलणार नाही. ५८००एक्सची कंपनीने ठरवलेली मर्यादा १४२ वॅट आहे. तू हाताने वेग ठोकून दिलायस, म्हणजे ती मर्यादाही बाजूला पडली. तरी आपण १४२ च धरू. तुझी दोन मॉड्यूल १२ व्होल्टवर, तापमानात फरक शून्य असताना, मिळून ११५-१२० वॅट उचलतील. (कागदावरच्या ५० अधिक ५० पेक्षा हे थोडं जास्त आहे, कारण गरम असताना मॉड्यूल जरा जास्त उष्णता ओढतं.) उरलेले पंचवीसेक वॅट जाणार कुठून? ते मॉड्यूलच्या पोटातून, साध्या वहनाने जातील. त्यासाठी प्रोसेसरची बाजू कूलरच्या बाजूपेक्षा वीस-बावीस अंश गरम व्हावी लागेल. म्हणजे जी बाजू थंड असायला हवी तीच जास्त गरम! पंप लावलेला असताना पाणी उताराने वाहतंय, आणि पंप मध्ये अडथळा होऊन बसलाय.

हे एवढ्यावर थांबत नाही. दोन मॉड्यूल स्वतः १३० वॅटच्या आसपास वीज खातील, आणि ती सगळी उष्णता होऊन कूलरवरच येईल. कूलरला आता १४२ नव्हे, २७० वॅट फेकायचेत. चांगला टॉवर दर वॅटला ०.१५ अंश चढतो असं धरू. खोलीत ३० अंश असतील तर पेल्टियरशिवाय कूलरचा तळ ५१ ला बसेल. पेल्टियर लावल्यावर तळ ७० ला, आणि त्याखाली प्रोसेसरची बाजू ९० च्या वर. प्रोसेसरच्या आतलं तापमान त्याहूनही वर असतं. रेंडर चालू असताना मॉड्यूलची वायर निसटली तर? मग चकती म्हणजे नुसतं सिरॅमिकचं पांघरूण, आणि मशीन काही सेकंदांत स्वतःला बंद करून घेईल. घेतलं तर नशीब.

जागेचाही प्रश्न आहे. तुझ्या प्रोसेसरचं झाकण साधारण ४० बाय ४० मिलिमीटरचं, आणि एका मॉड्यूलचं मापही तेच. मग दुसरं ठेवणार कुठे? शेजारी ठेवायचं तर खाली तांब्याची जाड प्लेट हवी, ती अगदी सपाट घासून घ्यावी लागेल, आणि प्लेटमध्ये उष्णता पसरताना काही अंश तिथेच जातील. एकावर एक ठेवलंस तर वरच्याला प्रोसेसरची उष्णता आणि खालच्याने खाल्लेली वीज असं दोन्ही उचलावं लागेल. दोन्ही सारख्या मापाची असतील तर वरचं कधीच पुरणार नाही.

‘मग जास्त मॉड्यूल लावतो’ असं तू म्हणशील. रास्त आहे. पेल्टियरची खरी खुबीही इथेच आहे, ती सांगतो. मॉड्यूलला पूर्ण व्होल्टेज देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. १२७०६ ला १२ व्होल्ट दिले आणि १० अंशांचा फरक ठेवला, तर ते साधारण ६७ वॅट खाऊन ४५ वॅट उचलतं. त्यालाच ६ व्होल्ट दिले तर १६ वॅट खाऊन २८ वॅट उचलतं. अर्ध्या व्होल्टेजला काम निम्म्यापेक्षा जास्त, आणि खाणं पाव. कारण असं की उचलण्याचं काम करंटच्या प्रमाणात वाढतं, पण मॉड्यूलच्या आत पैदा होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, आणि तिच्यातली निम्मी थंड बाजूलाच परत येते. म्हणून माझ्या उपकरणांत मी नेहमी गरजेपेक्षा जास्त मॉड्यूल लावतो आणि त्यांना अर्ध्या पोटी ठेवतो. दोन-दोन सिरीजमध्ये जोडली की १२ व्होल्टवर प्रत्येकाला ६ मिळतात. वेगळी सर्किटं लागत नाहीत.

तर समज, सहा मॉड्यूल, दोन-दोनच्या तीन जोड्या, वर वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) आणि रेडिएटर. उचलायचे १४२ वॅट, म्हणजे प्रत्येकी २४. खाणार साधारण ९५ वॅट. फरक मिळेल बारा-चौदा अंशांचा. झकास वाटतं ना? आता रेडिएटर बघ. तो आणि पंखे मिळून दर वॅटला ०.१ अंश चढतात असं धरू. आधी १४२ वॅटला १४ अंश चढत होता, आता २३७ वॅटला पावणेचोवीस चढेल. म्हणजे साडेनऊ अंश रेडिएटरने परत घेतले. हातात उरले तीन-चार. त्यातून मध्ये वाढलेले थर्मल पेस्टचे थर आणि तांब्याची प्लेट वजा कर. सहा मॉड्यूल, वेगळा पॉवर सप्लाय आणि दोन महिन्यांचे रविवार घालवून आपण होतो तिथेच.

रेडिएटर दुप्पट मोठा घेतला तर पेल्टियर थोडा फायद्यात येतो. पण मी लोकांना इथे थांबवून विचारतो: तेवढा मोठा रेडिएटर आणायचाच असेल, तर तो पेल्टियरशिवायच लाव की! बहुतेक वेळा माझ्याकडचा विषय इथेच संपतो.

आता तुझा पावसाचा प्रश्न. तू तो शेवटी विचारलास, पण तो पहिला असायला हवा होता. जुलैमध्ये आपल्याकडे खोलीत २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के हे रोजचंच. अशा हवेचा दवबिंदू २३ अंशांच्या वर असतो. म्हणजे २३ च्या खाली जे जे जाईल त्याला घाम फुटणार. फ्रिजमधून काढलेला ताकाचा तांब्या जेवणाच्या ताटाशेजारी कसा ओलाचिंब होतो, तसा तुझा प्रोसेसर, त्याचं सॉकेट आणि सॉकेटच्या मागची बोर्डाची बाजूही. म्हणजे पावसाळ्यात कोरडं राहून तुला खोलीपेक्षा जेमतेम दीड-दोन अंश खाली जाता येईल. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप? जानेवारीतल्या कोरड्या दुपारी गोष्ट वेगळी. ३० अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ११ च्या जवळ येतो आणि मोकळं रान मिळतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००० सालच्या आसपास माझ्याकडे सेलेरॉन ३००ए होता. त्या चिपची त्या काळात फार ख्याती. ६६ च्या जागी १०० मेगाहर्ट्झची बस (बोर्डाशी बोलायची वाट) दिली की ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झ व्हायचा. मुंबईहून एक पेल्टियर मागवला, शेजारच्या लेथवाल्याकडून तांब्याची प्लेट करून घेतली आणि डिसेंबरात बसवला. काय चालला म्हणून सांगू! प्लेटवर बर्फाची पांढरी साय धरायची, आणि राजारामपुरीतली मित्रमंडळी ती बघायला यायची. का चालला? कारण तो प्रोसेसर जेमतेम वीस-पंचवीस वॅटचा होता. ओझंच नव्हतं. जूनचा दुसरा आठवडा आला, पाऊस लागला, आणि एका सकाळी मशीन सुरूच होईना. उघडून बघतो तर स्लॉटच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर. बोर्ड गेला, प्रोसेसरही गेला. बाहेरून फोम लावला होता, पण कडेला बोटभर फट राहिली होती. हवेला तेवढी पुरते.

गंमत म्हणजे घाम फुटण्याचा धोका ओझ्याखाली नसतोच. तो असतो मशीन नुसतं बसलेलं असताना. रेंडर चालू असेपर्यंत सगळं गरम. तू चहाला उठलास, प्रोसेसर तीस-चाळीस वॅटवर आला, आणि पेल्टियर मात्र पूर्ण जोर लावतोय. थंड बाजू झरझर खाली जाते आणि दव धरतं. परत येऊन बसलास की ते पाणी जागेवर असतं. म्हणून खोलीचं तापमान आणि आर्द्रता मोजून, दवबिंदू काढून, त्याच्या वर थांबणारा कंट्रोलर लागतो. थर्मोस्टॅटने चालू-बंद, चालू-बंद करशील तर तेही नको. दर वेळी मॉड्यूल ताणलं-आकसलं जातं आणि आतले सोल्डरचे टाके तुटतात. करंट हळूहळू कमी-जास्त करायचा, आणि तोही गाळलेला, लहरी नसलेला डीसी.

हे सगळं करून एका मोठ्या कंपनीने खरंच बघितलं. इंटेलने २०२० मध्ये दहाव्या पिढीच्या ‘के’ (वेग वाढवता येणाऱ्या) प्रोसेसरांसाठी क्रायो कूलिंग आणलं. पेल्टियर, त्यावर वॉटर ब्लॉक, आर्द्रतेचा सेन्सर आणि दवबिंदू सांभाळणारं सॉफ्टवेअर. नुसत्या पेल्टियरसाठी ग्राफिक्स कार्डासारखी वेगळी आठ पिनची पॉवर लागायची. एक-दोन कोरवरच्या हलक्या कामात, गेममध्ये त्याचा फायदा दिसायचा. सगळे कोर पेटले की मॉड्यूल दमायचं आणि साधा मोठा रेडिएटर बरा ठरायचा. २०२३ मध्ये इंटेलने तो गाशा गुंडाळला. ज्यांनी चिप बनवली आणि ज्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज आहे, त्यांचा हा अनुभव.

मग तुझ्या ९० अंशांचं काय? मला वाटतं तुझी अडचण ‘थंडावा कमी पडतोय’ ही नाहीच. ५८००एक्समध्ये आठही कोर ८० चौरस मिलिमीटरच्या आसपासच्या एकाच तुकड्यावर आहेत. करंगळीच्या नखाएवढ्या जागेतून सव्वाशेच्या वर वॅट बाहेर यायचे असतात. तिथून झाकणापर्यंत येतानाच बरेच अंश खर्ची पडतात, आणि झाकणावर तू काहीही ठेव, त्या आतल्या वाटेवर त्याचा इलाज नाही. या चिपची कमाल मर्यादाच ९० आहे. तिच्यापर्यंत जाणं हा तिचा स्वभाव आहे.

म्हणून उलटं कर. हाताने ठोकलेले ४.७ काढून टाक. एका कोरला ४.७ पर्यंत ही चिप स्वतःहून जातेच. तू सगळ्यांना एकाच पट्टीने हाणतोयस आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवतोयस. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर आहे, म्हणजे कोरचं व्होल्टेज थोडंथोडं उतरवायची सोय. त्यात सगळ्या कोरना उणे १० दे, दोन दिवस वापर, मग उणे १५, मग २०. कुठला तरी कोर कुरकुरेल, मशीन आपोआप रीस्टार्ट होईल. तेवढ्या एका कोरला थोडं वर आण. पॉवरची मर्यादा १४२ वरून १२० करून बघ. माझ्या बाकावर आलेल्या अशाच एका मशीनवर एवढ्याने तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं आणि रेंडरचा वेळ जाणवेल इतका वाढला नाही. तुझ्या चिपवर किती मिळेल हे चिपच्या नशिबावर. दोन चिपा सारख्या नसतात. कूलर एकदा काढून पेस्ट कशी पसरली आहे तेही बघ, आणि कॅबिनेटची काच काढून पाच मिनिटं चालव. काच काढल्यावर तापमान पाच-सात अंश पडलं तर दोष हवेच्या वाटेचा आहे, कूलरचा नाही.

आणि तुला काहीतरी करायची खाजच असेल (मला होती, म्हणून समजतं), तर एप्रिलमध्ये पेल्टियरऐवजी माठाच्या वाटेने जा. बाहेर ३७ अंश आणि हवा कोरडी, ३० टक्के, असली की पाणी नुसतं हवेत शिंपडून २४ च्या आसपास येऊ शकतं. एक उभा पाइप, वरून शॉवर, खालून पंखा, तळाशी बादली आणि ते पाणी प्रोसेसरवरच्या वॉटर ब्लॉकमधून फिरवणारा छोटा पंप. वीज वीस-पंचवीस वॅट. असं थंड झालेलं पाणी हवेच्या दवबिंदूखाली कधी जाऊच शकत नाही, त्यामुळे घाम फुटण्याची भीतीच नाही. मात्र पाणी रोज भरावं लागतं, बोअरचं असेल तर ब्लॉकमध्ये क्षार धरतात, आणि जून लागला की खेळ खलास.

पेल्टियरवरच प्रयोग करायचा असेल तर थेट प्रोसेसरवर नको. वेगळा छोटा चिलर कर: थंड बाजूला पाण्याचा ब्लॉक, गरम बाजूला तुझा जुना टॉवर, बाजूला डब्यात पाणी. घोळ झाला तर डब्यात होईल, बोर्डावर नाही. त्याला स्वतःचा पॉवर सप्लाय दे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर (आतल्या पॉवर सप्लायवर), त्यातही मोलेक्स या जुन्या चार पिनच्या जोडाच्या बारीक वायरीवर, दहा-अकरा अँपिअर टाकू नको. पिवळी वायर आधी तपकिरी, मग काळी होते. मॉड्यूलची कड सिलिकॉन सीलंटने बंद कर, नाहीतर आत दव शिरून टाके सडतात.

ती दोन मॉड्यूल खरी आहेत का हे बघायचं असेल तर एक दीड व्होल्टचा सेल लाव आणि चकती बोटांच्या चिमटीत धर. एक बाजू गार लागली की झालं. हीटसिंकशिवाय १२ व्होल्टला मात्र एक मिनिटही लावू नको. आतले टाके साधारण १३८ अंशांना वितळतात, आणि मोकळ्या चकतीला तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. कर्व्ह ऑप्टिमायझर लावून झालं की आधीचे आणि नंतरचे आकडे, खोलीच्या तापमानासकट, इथेच लिही. कूलरचं मॉडेलही सांग, ते प्रश्नात राहून गेलंय.